मूल दवाखान्यांतून घरीं आणल्यावर

घरांतील लहान मूल एकाएकीं आजारी पडावें, रात्रीच्या वेळीं त्यास घेऊन दवाखान्याकडे धांव घ्यावी लागावी, दोन-चार तास जीव टांगणीस लागावा आणि अखेर डॉक्टरांनीं 'आतां घरीं न्यावयास हरकत नाहीं' असें सांगावें, हा प्रसंग ज्यावर कधींच आला नाहीं असें कुटुंब विरळाच. त्या एका वाक्यानें आईबापांच्या जिवांत जीव येतो. संकट टळलें, आतां भिण्याचें कारण नाहीं, अशी मनाची समजूत होते. परंतु थोडा विचार केला असतां दिसून येईल कीं, 'घरीं न्या' या शब्दांचा खरा अर्थ 'यापुढील उपचार तुम्हीं करावयाचे आहेत' असा आहे. घटकाभरापूर्वीं जें काम शिकलेल्या माणसांच्या हातीं होतें, तें दवाखान्याचा उंबरठा ओलांडतांच आई, बाप आणि आजी यांच्या हातीं येतें. आणि त्या कामाचें साधन म्हणून त्यांच्यापाशीं असतो एक कागद, दोन-तीन बाटल्या व घाईघाईनें ऐकलेलीं चार वाक्यें.

आपल्या प्राचीन आचार्यांनीं या कामाची थोरवी पूर्वींच ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. चौरंगाचा एक पाय लंगडा असला तर उरलेले तीन कितीही भक्कम असोत, तो डळमळावयाचाच. शुश्रूषा करणाराच्या अंगीं कोणते गुण असावे हेंही तेथें सांगितलें आहे. उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम आणि शुचिता, असे ते चार गुण होत. या क्रमाकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. प्रेम तिसरें आहे, ज्ञान पहिलें आहे. आईबापांच्या ठिकाणीं प्रेमाची उणीव सहसा नसते; उणीव पडते ती पहिल्या गुणाची. आणि तीही बहुधा बुद्धीच्या अभावीं पडत नाहीं, तर कोणी नीट सांगितलें नाहीं आणि आपण नीट विचारलें नाहीं म्हणून पडते. ही उणीव कशी भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही कांहीं डॉक्टर नव्हे. जन्मभर शाळेंत मुलांना संस्कृत व गणित शिकविलें, एवढीच आमची पुंजी. तेव्हां पुढें औषधांचीं व मापांचीं जीं उदाहरणें येतील, तीं कागद कसा वाचावा हें दाखविण्यापुरतीं आहेत. आपल्या मुलाला काय द्यावयाचें तें त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनींच ठरवावयाचें. परंतु सांगितलेली गोष्ट ऐकणाराच्या डोक्यांत खरोखर उतरली कीं नाहीं, हें ओळखण्याची विद्या मात्र शिक्षकाची आहे, आणि तिच्या आधारें चार शब्द लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे असें वाटतें.

'समजलें का?'

वर्गापुढें त्रैराशिक फोडून दाखवावें आणि 'समजलें का?' असें विचारावें, कीं सगळा वर्ग एका सुरांत 'हो' म्हणतो. त्या 'हो'ला कवडीची किंमत नसते. कोणी भिडेनें म्हणतो, कोणी शेजारी म्हणाला म्हणून म्हणतो, आणि पुष्कळांना तर आपल्याला समजलें असें मनापासून वाटत असतें. खरी परीक्षा एकच. एखाद्यास फळ्याशीं बोलावून 'आतां तूं मला समजावून सांग' असें म्हणावें. मग कोठें अडतें तें त्यालाही कळतें आणि मास्तरांनाही कळतें.

दवाखान्यांतील गोष्ट याहून निराळी नाहीं. रात्रीचे दोन वाजलेले असतात. आई दुपारपासून जेवलेली नसते, मूल खांद्यावर किरकिरत असतें, बाप पैसे भरण्याच्या खिडकीपाशीं अडकलेला असतो. डॉक्टरांपुढें दुसरा रोगी येऊन पडलेला असतो. अशा वेळीं ते दोन मिनिटांत सहा-सात गोष्टी सांगतात व 'समजलें ना?' असें विचारतात. आई मान हलविते. नेदरलंडमधील मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनीं २००३ सालीं यासंबंधींच्या संशोधनाचा आढावा घेऊन असें दाखविलें कीं, डॉक्टरांनीं सांगितलेल्या माहितीपैकीं शेंकडा ४० ते ८० भाग रोगी तत्काळ विसरतो, आणि जी लक्षांत राहते तींतील जवळजवळ निम्मी चुकीची लक्षांत राहते. भय आणि थकवा यांनीं ग्रासलेल्या आईबापांची स्थिति याहून बरी असेल असें मानण्यास कांहीं आधार नाहीं.

यावर उपाय फळ्याशीं बोलावण्याचाच. परदेशांतील पुष्कळ इस्पितळांतून ही रीत आतां शिकविली जाते व तिला 'टीच-बॅक' असें म्हणतात. डॉक्टर किंवा नर्स 'समजलें का?' असें न विचारतां 'घरीं गेल्यावर तुम्ही काय काय कराल तें मला सांगा' असें विचारतात. आपल्याकडे तसें कोणी विचारलें नाहीं, तर आपणच पुढाकार घ्यावा. त्यांत संकोचण्यासारखें कांहीं नाहीं. आईनें सरळ म्हणावें, "डॉक्टर, दिवसा बाळाला औषध माझ्या सासूबाई देतात. घरीं गेल्यावर मी त्यांना काय सांगणार आहें तें एकदां म्हणून दाखवतें. कांहीं चुकलें तर सांगा." अशा बोलण्यानें कोणताही भला डॉक्टर रागावत नाहीं. उलट, आपलें सांगणें फुकट गेलें नाहीं याचें त्यास समाधानच वाटतें. वेळ लागतो एक मिनिटाचा.

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत मात्र एक निराळीच अडचण येते. बाप इंजिनियर किंवा बँकेंतील अधिकारी असतो, आई पदवीधर असते. डॉक्टरांना वाटतें, यांना काय सांगावयाचें, कागद वाचतील. आणि यांना वाटतें, एवढें शिकून हें काय विचारावयाचें, लोक काय म्हणतील! अडाणी मनुष्य निदान दहा वेळां विचारतो. शिकलेला मनुष्य एकदांही विचारीत नाहीं व घरीं येऊन मोबाइलवर शोधीत बसतो. इंग्रजी येणें ही एक गोष्ट आणि औषधाचा कागद समजणें ही दुसरी गोष्ट, हें ध्यानांत घेतलें तर ही लाज आपोआप गळून पडेल.

दवाखान्यांतून निघण्यापूर्वीं पुढील पांच प्रश्नांचीं उत्तरें आपल्यापाशीं आहेत कीं नाहींत तें पाहावें :

१. मुलाला काय झालें आहें, आणि तें साधारण किती दिवसांत बरें व्हावें?

२. कोणतें औषध कशासाठीं आहे; तें किती मिलिलिटर, किती तासांनीं आणि किती दिवस द्यावयाचें?

३. काय दिसलें तर सकाळची वाट न पाहतां परत आणावयाचें?

४. दूध, जेवण, आंघोळ, खेळ, शाळा यांविषयीं काय करावयाचें?

५. पुन्हां कोणत्या दिवशीं व कोणाला दाखवावयाचें. मध्यें शंका आली तर कोणत्या नंबरावर फोन करावयाचा?

कागदाची भाषा

आतां त्या कागदाकडे वळूं. त्यावरील पुष्कळशीं अक्षरें इंग्रजी दिसलीं तरी इंग्रजी नसतात. तीं लॅटिन भाषेंतील शब्दांचीं आद्याक्षरें असतात. म्हणूनच इंग्रजी उत्तम जाणणाराही तेथें अडखळतो. लॅटिन आणि संस्कृत या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी. त्यामुळें ज्यानें थोडें संस्कृत केलें आहे त्याला हीं अक्षरें लक्षांत ठेवणें मोठें सोपें जातें. 'बी. डी.' म्हणजे 'बिस इन डिए'. यांतील 'बिस' हा आपला 'द्विः', आणि 'डिए' याचें मूळ आपल्या 'दिव्' शब्दाच्या मुळाशीं एक; अर्थ, दिवसांतून दोनदां. 'टी. डी. एस.' यांतील 'टी' म्हणजे 'तेर', आपला 'त्रिः'; दिवसांतून तीनदां. 'क्यू. आय. डी.' यांतील 'क्वातेर' हा 'चतुर्' याचा भाऊबंद, दिवसांतून चारदां. 'एच. एस.' म्हणजे झोपतेवेळीं, आणि त्यांतील 'सोम्नुस' हा शब्द आपल्या 'स्वप्न' शब्दाच्या कुळांतला. 'ए. सी.' म्हणजे जेवणापूर्वीं आणि 'पी. सी.' म्हणजे जेवणानंतर. 'ओ. डी.' म्हणजे रोज एकदां; परंतु डोळ्यांच्या औषधाच्या कागदावर तींच अक्षरें 'उजवा डोळा' या अर्थींही येतात, तेव्हां तेथें विचारून घ्यावें.

सर्वांत फसविणारीं अक्षरें म्हणजे 'एस. ओ. एस.'. बुडत्या जहाजाची हांक म्हणून तीं सर्वांस ठाऊक आहेत, त्यामुळें 'फारच आणीबाणी आली तर द्यावयाचें औषध' असा अर्थ पुष्कळ सुशिक्षित लोक करतात व मूल तापानें तळमळत असतांही बाटली उघडीत नाहींत. कागदावर त्यांचा अर्थ एवढाच कीं, 'गरज पडली तर'. मात्र गरज केव्हां समजावी, दोन वेळांत किती तासांचें अंतर ठेवावें आणि दिवसांत अधिकांत अधिक किती वेळां द्यावें, हे तीन प्रश्न त्या तीन अक्षरांच्या पोटांत दडलेले असतात. ते तेथेंच विचारून घेतले पाहिजेत.

'१-०-१' अशी खूण असली तर ती सकाळ, दुपार, रात्र या क्रमानें वाचावयाची. मधल्या शून्याचा अर्थ दुपारीं नाहीं. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. 'दिवसांतून तीनदां' म्हणजे नाश्ता, जेवण आणि संध्याकाळचें दूध असें नव्हे. पुष्कळ औषधांच्या बाबतींत त्याचा अर्थ सुमारें आठ-आठ तासांनीं असा असतो, आणि त्यासाठीं झोपलेल्या मुलाला उठवावयाचें कीं नाहीं, हेंही विचारावयास हवें. अक्षर लागत नसेल तर 'मोठ्या अक्षरांत लिहून द्या' म्हणण्यास कचरूं नये. औषधांचीं नांवें वाचनीय आणि शक्यतों ठळक इंग्रजी अक्षरांत लिहावीं, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेनें २०१६ सालीं केलेलाच आहे.

मापाचा प्रश्न

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो पातळ औषधाच्या मापांत. अमेरिकेंत २,११० पालकांवर केलेला एक प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येकास नऊ वेळां औषध मापावयास सांगितलें होतें. शेंकडा ८४ पालकांच्या हातून निदान एक तरी ठळक चूक झाली, आणि शेंकडा २१ जणांनीं एकदां तरी दुपटीहून अधिक औषध मापलें. छोट्या पेल्यानें मापतांना सिरिंजपेक्षां चुका पुष्कळच अधिक झाल्या. हे सर्व पालक निवांतपणें बसून मापीत होते. रात्रीं दोन वाजतां, रडणारें मूल मांडीवर घेऊन नव्हे.

आपल्याकडे याहून मोठा धोका आहे. तापासाठीं मुलांना पॅरासिटामॉल देतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें एकाच जोराचें मिळत नाहीं. थेंबांच्या छोट्या बाटलींत सामान्यतः १ मिलिलिटरमध्यें १०० मिलिग्रॅम औषध असतें. एका प्रकारच्या मोठ्या बाटलींत ५ मिलिलिटरमध्यें १२५ मिलिग्रॅम, तर दुसऱ्या प्रकारच्या बाटलींत ५ मिलिलिटरमध्यें २५० मिलिग्रॅम. आतां शाळेंतील त्रैराशिक आठवावें. मुलाचें वजन १० किलो आहे आणि डॉक्टरांनीं किलोस १५ मिलिग्रॅम या हिशेबानें एका वेळीं १५० मिलिग्रॅम द्यावयाचें ठरविलें आहे. पहिल्या बाटलींतून तें दीड मिलिलिटर होईल, दुसरींतून ६ मिलिलिटर, तिसरींतून ३ मिलिलिटर. औषध तेंच, मूल तेंच, माप मात्र तिन्ही वेळां निराळें! आतां समजा, घरांतील मोठी बाटली संपली, कोणी दुकानांतून थेंबांची बाटली आणली, आणि 'सहा मिलिलिटर द्यावयाचें' एवढेंच सर्वांच्या लक्षांत राहिलें. मुलाच्या पोटांत ६०० मिलिग्रॅम जाईल. तें चौपट झालें. असें दोन दिवस चाललें तर यकृतास गंभीर इजा होऊं शकते. म्हणून कागदावर 'इतके मिलिलिटर' एवढें लिहून भागत नाहीं. 'अमुक जोराच्या बाटलींतून इतके मिलिलिटर' असें लिहिलेलें हवें, आणि दुकानदारानें दिलेली बाटली त्या कागदाशीं ताडून पाहावयास हवी. बाटली बदलली कीं हिशेब पुन्हां विचारावा.

स्वयंपाकघरांतील चमचा हें माप नव्हे. चहाचा चमचा एका घरांत निराळा, दुसऱ्या घरांत निराळा. औषधाबरोबर आलेलें टोपण, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज यांवरील मिलिलिटरच्या रेघांनींच मापावें. ड्रॉपरही त्याच बाटलीचा असावा. पुष्कळ अँटिबायोटिक औषधें कोरड्या भुकटीच्या रूपानें मिळतात. त्या बाटलींत उकळून गार केलेलें पाणी खुणेच्या रेघेपर्यंत घालावयाचें असतें. प्रथम थोडें पाणी घालून हलवावें, फेंस बसूं द्यावा, मग रेघेपर्यंत भरावें. आणि प्रत्येक वेळीं देण्यापूर्वीं बाटली पुन्हां हलवावी. किती दिवसांनीं टाकून द्यावयाची व फ्रिजमध्यें ठेवावयाची कीं नाहीं, तें वेष्टणावर छापलेलें असतें. मूल दुसऱ्या दिवशीं खेळूं लागलें म्हणून हें औषध मध्येंच थांबवूं नये. सांगितलेले दिवस पुरे करावे.

एका पुडीची गोष्ट

आमच्या शेजारच्या एका कुटुंबांत घडलेली हकीकत सांगतों. दीड वर्षाच्या मुलाला जुलाब व उलट्या होऊं लागल्या म्हणून रात्रीं त्यास दवाखान्यांत नेलें. तेथें चार तास ठेवून घेतलें, मूल सांवरलें, आणि 'ओआरएस चालू ठेवा' असें सांगून घरीं पाठविलें. सकाळीं आईबाप कामावर गेले. मुलापाशीं त्याची आत्या होती, बाई हुशार व मायाळू. तिनें दुकानांतून आणलेली पुडी फोडली आणि एक पेलाभर पाण्यांत विरघळविली. पुडी एक लिटर पाण्याची होती. मूल तें खारट पाणी थुंकूं लागलें, तरी आत्यानें चमच्याचमच्यानें प्रेमानें पाजलें. दुपारपर्यंत मूल अधिकच तहानेलें व चिडचिडें झालें. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाई सहज डोकावल्या आणि त्यांनीं रिकामी पुडी उचलून वाचली, म्हणून बरें. मुलाला पुन्हां दवाखान्यांत नेलें व तें वांचलें. पाणी पांचपट खारट झालें होतें. रक्तांतील मिठाचें प्रमाण वाढलें तर मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊं शकतात. प्रेमांत कोठें उणें होतें? पाणी किती घ्यावयाचें, एवढें एक वाक्य कोणीं उच्चारलें नव्हतें आणि कोणीं विचारलें नव्हतें.

याच औषधाच्या इतिहासांत याची दुसरी बाजूही पाहावयास मिळते. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले आणि बनगांव येथील छावणींत पटकीची साथ पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन अपुरें पडूं लागलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व सोडा यांचें पाणी मोठ्या पिंपांत भरून ठेवलें आणि तें रोग्यांना पाजण्याचें काम त्यांच्याच नातेवाइकांकडे सोंपविलें. जेथें शेंकडा ३० पर्यंत रोगी दगावत होते, तेथें तें प्रमाण शेंकडा ४ च्या आंत आलें. महालनबीस २०२२ सालीं वारले. २०२३ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें. ज्या आयाबहिणींनीं हें पाणी पाजलें त्या कांहीं वैद्यक शिकलेल्या नव्हत्या. त्यांना काय करावयाचें तें नीट दाखविलें होतें, एवढेंच.

म्हणून पुडी हातांत घेतल्यावर ती किती पाण्यासाठीं आहे तें प्रथम वाचावें. सुमारें साडेवीस ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्याची असते. याहून लहान, एका पेल्याच्या म्हणजे २०० मिलिलिटरच्या पुड्याही मिळतात. पाणी मापून घ्यावें, त्यांत साखर किंवा सरबत मिसळूं नये, आणि केलेलें पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावें. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर, असें साधारण प्रमाण आहे. उलटी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां हळूहळू चमच्यानें द्यावें. अंगावरचें दूध बंद करूं नये. जुलाबावर दिलेलें झिंक चौदा दिवस द्यावयाचें असतें. जुलाब तिसऱ्या दिवशीं थांबले म्हणून झिंक थांबवूं नये. नांवांत ओआरएस हीं अक्षरें मिरविणारीं कांहीं गोड पेयें दुकानांत विकलीं जात असत. त्यांच्या नांवांत हीं अक्षरें वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२५ मध्यें मनाई केली. तीं औषध नव्हत.

परत केव्हां न्यावयाचें

कागदावर शेवटीं बारीक अक्षरांत 'गरज वाटल्यास परत या' असें एक वाक्य असतें. गरज कशानें ओळखावी तें मात्र नसतें. कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं, तीं दिसतांच घड्याळाकडे न पाहतां निघावें. मूल कांहींच पीत नाहीं किंवा अंगावर घेत नाहीं, पोटांत गेलेलें सर्व उलटून पडतें, झटके येतात, हांक मारली तरी डोळे उघडीत नाहीं किंवा अतिशय सुस्त पडून राहतें. श्वास जलद चालतो असें वाटलें तर मूल शांत असतांना पुरा एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरला तर तो जलद समजावा. छाती आंत ओढली जात असेल तर मोजण्यांतही वेळ घालवूं नये. जुलाबांत लघवी थांबणें, डोळे खोल जाणें व शौचांतून रक्त पडणें हींही तशींच चिन्हें. तीन महिन्यांखालील बाळाला १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप चढला तर तो किरकोळ कधींच समजूं नये.

तापांत झटके आलेल्या मुलाची आई घरीं आल्यावरही धास्तावलेली असते. असे झटके सहा महिने ते पांच वर्षें या वयांत येतात, आणि बहुधा कांहीं मिनिटांत आपोआप थांबून मागें कांहीं इजा ठेवीत नाहींत. पुन्हां आले तर मुलाला एका कुशीवर निजवावें, तोंडांत चमचा, बोट किंवा पाणी घालूं नये, कांदा वा चप्पल हुंगवूं नये, आणि घड्याळ पाहावें. पांच मिनिटांहून अधिक चालले तर १०८ क्रमांकास फोन करावा. महाराष्ट्रांत ही रुग्णवाहिका २०१४ पासून चालू आहे. डोक्यावर पडलेल्या मुलाच्या बाबतींत पुढील एक-दोन दिवस विशेष लक्ष ठेवावें. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, जागें करण्यास कठीण पडणारी झोंप, लहानमोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव, हीं चिन्हें दिसलीं तर तसेंच परत जावें. रात्रीं मुलाला किती वेळां उठवून पाहावयाचें, हें निघतांनाच विचारून घ्यावें.

घरांतील व्यवस्था

दवाखान्यांत ऐकणारें एक माणूस असतें आणि घरीं औषध देणारें बहुधा दुसरेंच. एकत्र कुटुंबांत तर आईनें दिलें, तें ठाऊक नसल्यानें आजीनें पुन्हां दिलें, असें सहज घडतें. यास्तव घरीं येतांच इंग्रजी कागदावरून एक मराठी चिठ्ठी ठळक अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवावी. नमुना असा :

बाळाचें वजन : १० किलो.

तापाचें औषध (५ मिलिलिटरमध्यें १२५ मिलिग्रॅमची बाटली) : ६ मिलिलिटर, ताप असला तरच. दोन वेळांत निदान ६ तास. दिवसांत ४ वेळांहून अधिक नाहीं.

झिंक : २० मिलिग्रॅम, रोज एकदां, १४ दिवस. शेवटची तारीख अमुक.

पुडीचें पाणी : एका पुडीस एक लिटर. प्रत्येक जुलाबानंतर अर्धी वाटी.

ताबडतोब परत : पीत नाहीं, सर्व उलटतें, झटके, अतिसुस्ती, रक्त.

डॉक्टरांचा फोन अमुक. पुन्हां दाखवावयाचें अमुक वारीं.

खालीं तीन रकाने आंखावे : काय दिलें, किती वाजतां, कोणीं. औषध देणारानें तेथेंच खूण करावी. ही चिठ्ठी लिहिणें हीच एक परीक्षा आहे. लिहितांना ज्या ओळीपाशीं लेखणी अडेल, ती गोष्ट आपणांस समजलेली नाहीं असें जाणावें व सकाळ होतांच फोन करून विचारावी.

घरांत मागच्या आजारपणाच्या अर्धवट बाटल्या असतात. त्यांतील कोणतीही स्वतःच्या मनानें या औषधांत मिसळूं नये. कारण सर्दीच्या मिश्र औषधांतही पुष्कळदां पॅरासिटामॉल असतें व मुलाला तें दुहेरी जातें. २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानें कोंवळीं मुलें दगावलीं. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्यानें पुन्हां बजावलें कीं, खोकला-सर्दीचीं औषधें दोन वर्षांखालील मुलांस देऊंच नयेत आणि पांच वर्षांखालीं तीं सामान्यतः टाळावीं. मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी मोडूनही मुलाला देऊं नये. तापांत ती दिल्यास क्वचित् मेंदू व यकृत यांस जीवघेणा अपाय होतो.

घरांतील वडील मंडळींस एक विनंति आहे. सून किंवा मुलगी चिठ्ठी पाहून औषध मापूं लागली म्हणजे 'आम्हीं इतकीं मुलें वाढविलीं, तेव्हां कोठें होत्या चिठ्ठ्या?' असें म्हणूं नये. त्या काळीं घरोघर एखादें मूल हातचें जात असे, हेंही आपणच पाहिलें आहे. आजीचा अनुभव, आईचें वाचन आणि बापाचा हिशेब एका चिठ्ठीवर एकत्र आले, तर त्या चौरंगाचा तिसरा पाय भक्कम झालाच म्हणून समजावें.

डॉक्टरमंडळींसही नम्रपणें सुचवावेंसें वाटतें. आपण रात्रभर झुंजून ज्या मुलाला सोडवितां, त्याचें पुढचें सर्व आपल्या शेवटच्या दोन मिनिटांवर अवलंबून असतें. कागदाच्या कडेस मराठींत दोन ओळी, सिरिंजवर पेनानें एक रेघ, आणि 'घरीं काय कराल तें सांगा' हा एक प्रश्न, एवढें केलें तरी पुष्कळ होईल. आणि डॉक्टरांस तेवढी सवड झाली नाहीं, तर वाचकहो, आपण खुर्चीवरून उठण्यापूर्वीं आपलें पाठांतर त्यांना म्हणून दाखवावें. चार जणांसमक्ष एक प्रश्न विचारण्याची लाज क्षणभराची असते. तो न विचारल्याची किंमत मात्र मुलाला मोजावी लागते.